गुडघेदुखी आणि शरीरातील कॅनाबिनॉइड यंत्रणा : पुरावा नेमका कुठवर पोहोचला?

झिजलेल्या गुडघ्याच्या आतल्या अस्तरात आणि सांध्यातल्या द्रवात शरीराने स्वतः तयार केलेली कॅनाबिनॉइड द्रव्ये सापडतात, ही आता वादाची गोष्ट राहिलेली नाही. भांगेच्या झाडातली रसायने ज्या रिसेप्टरवर जाऊन काम करतात, ते रिसेप्टरही तिथे असतात. या दोन खऱ्या गोष्टींच्या आधारावर एक तिसरी गोष्ट मात्र बाजारात पुराव्याविना खपवली जाते : भांगेपासून काढलेले तेल, कॅप्सूल किंवा मलम घेतले की गुडघेदुखी आटोक्यात येते. पहिल्या दोन गोष्टी जितक्या भक्कम, तितकीच ही तिसरी कच्ची आहे. ती कच्ची का राहिली, याचे उत्तर मला त्या यंत्रणेच्या स्वभावातच दिसते. आजवरच्या बहुतेक औषधांनी ही यंत्रणा सगळ्या शरीरात, दिवसभर, एकसारखी चढवून ठेवण्याचा प्रयत्न केला. ती काम करते ते मात्र जागेपुरते आणि क्षणापुरते. हा मुद्दा लक्षात घेतला तर फसलेल्या चाचण्यांचा अर्थ लागतो. पुढचे संशोधन कुठे व्हायला हवे हेही कळते, आणि आज दुखत असलेल्या माणसाला काय सांगायचे तेही ठरवता येते.

प्रश्न लहान नाही. २०२० साली जगात सुमारे ५९.५ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात होता असा अंदाज आहे. भारतातल्या पाच ठिकाणच्या लोकवस्तीत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुडघ्याच्या या आजाराचे प्रमाण २८.७ टक्के आढळले होते. आपल्याकडे त्याला ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ किंवा ‘वाटी झिजली’ असे म्हटले जाते, आणि त्यामुळे सगळे दुखणे झिजेतच आहे असा समज होतो. वस्तुतः हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत वेदना वाहून नेणारे मज्जातंतूच नसतात. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, सांध्याभोवतीचे आवरण आणि वाटीखालची चरबीची गादी. म्हणून एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणारा माणूस आरामात जिना चढतो आणि जेमतेम झीज असलेल्या बाईला रात्रभर झोप लागत नाही, असे डॉक्टर रोज पाहतात. शिवाय दुखणे वर्षानुवर्षे चालले की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच हळवे होतात. सांध्याकडून आलेला साधा संदेशही मग तीव्र वेदना म्हणून वाचला जातो. तेव्हा गुडघेदुखी तीन ठिकाणी घडते : सांध्यात, मज्जारज्जूत आणि मेंदूत. कॅनाबिनॉइड यंत्रणा या तिन्ही ठिकाणी हजर आहे, म्हणूनच शास्त्रज्ञांना तिच्याकडून इतकी आशा वाटली.

या यंत्रणेचा शोध उलट्या दिशेने लागला. आधी झाड हाती होते, शरीरातले द्रव्य नंतर सापडले. इस्रायलमधील वाइझमान संस्थेत राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली भांगेतील नशा आणणाऱ्या टीएचसी या रसायनाची रचना उलगडली. ते शरीरात नेमके कुठे चिकटते हे कळायला पुढे चोवीस वर्षे लागली. अमेरिकेत सेंट लुईस येथे अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिवेन यांनी १९८८ साली त्याची चिकटण्याची जागा दाखवली. १९९० मध्ये तिचा जनुक हाती आला आणि तिला सीबी१ हे नाव मिळाले. प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर आढळणारा सीबी२ रिसेप्टर १९९३ साली केंब्रिजमध्ये सापडला. झाडातल्या रसायनासाठी शरीर रिसेप्टर बाळगून बसेल हे पटण्यासारखे नव्हतेच. शरीराचे स्वतःचे काहीतरी असणार, हा तर्क १९९२ साली खरा ठरला. डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड वेगळे काढण्यात आले. १९९५ मध्ये २-एजी हे दुसरे द्रव्य सापडले आणि १९९६ साली आनंदामाइडचे विघटन करणाऱ्या एफएएएच या एन्झाइमचा जनुक बेंजामिन क्रॅव्हॅट यांच्या गटाला मिळाला.

माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या यंत्रणेच्या कार्यपद्धतीवर आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. बहुतेक संदेशवाहक रसायने मज्जातंतूंच्या टोकाशी पिशव्यांमध्ये भरून ठेवलेली असतात. आनंदामाइड आणि २-एजी तशी साठवली जात नाहीत. पेशीवर ताण आला की तिच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून ती तिथल्या तिथे बनतात. ज्या तंतूकडून संदेश आला, त्याच तंतूकडे ती मागे जातात, त्याचा पुढचा संदेश मंद करतात आणि थोड्याच वेळात एन्झाइम त्यांचे तुकडे करून टाकतात. पाटाचे पाणी देणारा शेतकरी तहानलेल्या वाफ्याचे बारे फोडतो आणि वाफा भिजला की लगेच बांधून टाकतो, तसे हे काम आहे. सगळ्या शेतात पाणी सोडून दिले तर भिजायला हवे ते भिजतेच, पण नको ते कुजते. याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळाला आहे. २-एजीचे विघटन करणारे एन्झाइम उंदरांमध्ये सतत बंद ठेवले तर वेदनाशमन काही दिवसांत ओसरते, कारण सतत चेतवले गेलेले सीबी१ रिसेप्टर संख्येने घटतात आणि उरलेले प्रतिसाद देईनासे होतात, असे २०१० साली दिसून आले. उलट बाजूचा धडा माणसांनी भोगून शिकवला. भूक कमी करण्यासाठी सीबी१ रिसेप्टर रोखणारे रिमोनाबँट हे औषध २००६ साली युरोपात विक्रीला आले. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारींमुळे दोन वर्षांत ते मागे घ्यावे लागले. ही यंत्रणा शरीरभर वर न्या किंवा खाली आणा, किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागतेच.

आता गुडघ्याकडे येऊ. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या गुडघ्यातले अस्तर आणि द्रव घेऊन तपासला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झिजेच्या तसेच ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या अस्तरात सीबी१ आणि सीबी२ दोन्ही रिसेप्टर होते. सांध्याच्या द्रवात आनंदामाइड आणि २-एजी होते. निरोगी स्वयंसेवकांच्या सांध्यात ती दोन द्रव्ये आढळली नाहीत. याच कुळातले पामिटॉइलइथॅनोलामाइड मात्र निरोगी सांध्यात जास्त आणि आजारी सांध्यात कमी होते. या चित्राचा एक अर्थ असा लावता येतो की दुखणाऱ्या सांध्याने स्वतःचा उपाय सुरू केलेला आहे, फक्त तो पुरा पडत नाही. कॅनडात जेसन मॅकडूगल यांच्या गटाने उंदरांच्या झिजलेल्या गुडघ्याजवळ सीबी१ चेतवणारे द्रव्य थेट टोचले, तेव्हा सांधा हलवताना मज्जातंतूंतून जाणारे संदेश कमी झाले. जर्मनीत हायडलबर्ग येथे रोहिणी कुनर यांच्या गटाने २००७ साली अधिक नेमका प्रयोग केला. शरीराच्या परिघावरच्या वेदनावाहक तंतूंतून तेवढा सीबी१ काढून टाकला आणि मेंदू व मज्जारज्जूतला तसाच ठेवला. कॅनाबिनॉइडने मिळणारा वेदनाशमनाचा बराचसा परिणाम त्यासरशी गेला. म्हणजे डोक्यात नशा होते म्हणून दुखणे विसरले जाते एवढेच खरे नाही. दुखणाऱ्या जागीच काम होण्याची सोय शरीरात आहे.

इतका सुसंगत पाया असल्यावर पुढची पायरी उघड होती. बाहेरून कॅनाबिनॉइड देण्याऐवजी शरीराच्या आनंदामाइडचे विघटन थांबवायचे. नशेचा धोका टळेल आणि द्रव्य जिथे बनते तिथेच वाढेल, असा हिशेब होता. फायझर कंपनीने असे एफएएएच रोखणारे औषध गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवर तपासले. चाचणीचे निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक रुग्णाला दोन आठवडे एक उपचार आणि मधल्या विश्रांतीनंतर दोन आठवडे दुसरा, अशी तिची रचना होती, आणि तुलनेसाठी प्लासीबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, व नॅप्रोक्सेन हे नेहमीचे वेदनाशामक होते. औषधाने एन्झाइमचे काम ९६ टक्क्यांहून अधिक थांबवले. रक्तातले आनंदामाइड चांगलेच वाढले. वेदना मात्र प्लासीबोपेक्षा जराही कमी झाली नाही. ही चाचणी मला या सगळ्या विषयातली सर्वात मोलाची वाटते, कारण तिने पळवाटा ठेवल्या नाहीत. औषध लक्ष्यापर्यंत पोहोचले नाही असे म्हणता येत नाही, कारण ते मोजलेले आहे. वेदना मोजण्याची पद्धतच कुचकामी होती असेही म्हणता येत नाही, कारण त्याच पद्धतीने नॅप्रोक्सेनचा गुण दाखवून दिला. सीबी२ चेतवणारे लिली कंपनीचे औषधही गुडघ्याच्या रुग्णांत असेच निष्फळ ठरले. मग जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे बियाल या पोर्तुगीज कंपनीच्या एफएएएच-रोधकाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतर काही जणांना रुग्णालयात हलवावे लागले. हे औषध मेंदूतल्या इतर एन्झाइमांनाही चिकटत होते, असे पुढच्या वर्षी दाखवले गेले. म्हणजे दोष त्या रेणूचा होता, एफएएएच रोखण्याच्या कल्पनेचा असल्याचे सिद्ध झालेले नाही. पण या दुर्घटनेनंतर या वाटेवरचा उत्साह मावळला.

इथे एक सबळ आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. २०१९ साली स्कॉटलंडमधील एका महिलेची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्या नितंबाच्या सांध्याची गंभीर झीज झाली होती, पण तिला वेदना जाणवत नव्हती. हाताच्या शस्त्रक्रियेनंतरही तिला वेदनाशामकांची जवळजवळ गरज पडली नाही. तपासणीत एफएएएचचे काम कमी करणारे दोन जनुकीय बदल आणि रक्तात वाढलेले आनंदामाइड सापडले. मग वाढलेले आनंदामाइड निरुपयोगी कसे म्हणायचे? मी तसे म्हणत नाही. पण तिच्या शरीराची घडण जन्मापासून या बदलासह झाली. झिजेमुळे हळवी झालेली यंत्रणा साठाव्या वर्षी दोन आठवड्यांत बदलायची, ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय आनंदामाइड फक्त सीबी१ लाच चिकटते असेही नाही. प्रमाण वाढले की ते टीआरपीव्ही१ या रिसेप्टरलाही चेतवते. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जळजळ होते ती याच रिसेप्टरमुळे. म्हणजे तेच द्रव्य वेदनेला एका बाजूने दाबू आणि दुसऱ्या बाजूने चाळवू शकते. दुसरा आक्षेप असा की उंदरांमध्ये गुण येतो तर माणसांत का नाही? याचे उत्तर प्रयोगाच्या रचनेत आहे. उंदराच्या गुडघ्यात बहुतेकदा आयोडोअ‍ॅसिटेट टोचून काही आठवड्यांत झीज घडवली जाते. प्राणी तरुण असतो आणि आजार ताजा. माणसाचा गुडघा वीस-तीस वर्षांत झिजतो, वजन, रजोनिवृत्ती, जुनी इजा आणि झोपमोड यांच्या साथीने. आजार जसजसा जुना होतो तसतशी ही यंत्रणाही बदलत असावी, असे मानायला आधार आहे. नॉटिंगहॅमच्याच गटाला २०१३ साली असे दिसले की गुडघ्याच्या कूर्चेची हानी जितकी जास्त, तितके त्या माणसांच्या मज्जारज्जूत सीबी२ चे प्रमाण कमी.

बाजारात गाजते आहे ते सीबीडी, म्हणजे भांगेतले नशा न आणणारे कॅनाबिडिऑल. त्याच्या जाहिरातीत शरीराच्या कॅनाबिनॉइड यंत्रणेचा उल्लेख हटकून असतो. प्रत्यक्षात सीबीडी सीबी१ आणि सीबी२ ला नीट चिकटतही नाही, ते इतर अनेक मार्गांनी काम करते. त्यामुळे यंत्रणेचा पुरावा हा सीबीडीचा पुरावा होत नाही. सीबीडीला स्वतःचा पुरावा द्यावा लागेल. तो काय सांगतो? त्वचेवर लावण्याच्या सीबीडी जेलची गुडघ्याच्या ३२० रुग्णांवरची बारा आठवड्यांची चाचणी २०१७ साली आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीवर अनुत्तीर्ण झाली. डेन्मार्कमध्ये हातांच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ रुग्णांना रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी किंवा प्लासीबो दिले, प्लासीबोपेक्षा फरक पडला नाही. मात्रा फार कमी होती असे म्हणता आले असते. पण व्हिएन्नातल्या संशोधकांनी गुडघ्याच्या ८६ रुग्णांपैकी एका गटाला रोज तब्बल ६०० मिलिग्रॅम सीबीडी आणि दुसऱ्या गटाला प्लासीबो आठ आठवडे दिले. दोन्ही गटांना पॅरासिटामॉल होतेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतही दोन्ही गटांची वेदना जवळपास सारखीच उतरली, आणि दुष्परिणाम सीबीडीच्या गटात जास्त दिसले. लहान मात्रा, मोठी मात्रा, तोंडाने, त्वचेतून असे सगळे करून पाहिल्यावर गुडघ्याच्या झिजेसाठी सीबीडीचा उपयोग होतो असे म्हणायला आज जागा नाही. वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपी हिनेही २०२१ साली वेदनेवर कॅनाबिनॉइडच्या सरसकट वापराला पाठिंबा देण्याचे नाकारले.

‘पण लोकांना गुण येतो ना?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. तेल घेऊन ज्यांना बरे वाटले ते खोटे बोलत नाहीत. पण गुडघेदुखी चढ-उतार घेणारी व्याधी आहे. दुखणे शिगेला पोहोचते तेव्हा माणूस नवा उपाय सुरू करतो, आणि शिगेनंतर उतार यायचाच असतो. त्यात आपली काळजी घेतली जाते आहे या जाणिवेचाही खरा परिणाम होतो. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाच्या गटाची गुडघेदुखी शंभराच्या मापावर ४१.७ ने घटली. त्याच चाचणीत खोटे इंजेक्शन आणि आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्या गटाचीही ती २७.५ ने घटली. प्लासीबोच्या गटात एवढा फरक दिसत असेल, तर एकट्या माणसाच्या अनुभवावरून औषध पारखणे शक्यच नाही. परंपरेचा दाखलाही असाच तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे विजया म्हणून भांगेचा औषधी वापर जुना आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली संधिवाताच्या रुग्णांना भांगेचा अर्क देऊन निरीक्षणे लिहून ठेवली आणि तिथून हे औषध युरोपच्या औषधालयात गेले. प्रश्न विचारायला या वापराचा आधार पुरेसा आहे. पण ओशॉनेसींचे रुग्ण मोजके होते, तुलनेला गट नव्हता आणि त्या काळच्या संधिवातात आज वेगवेगळे गणले जाणारे कितीतरी आजार एकत्र असत.

विशेष म्हणजे, या यंत्रणेचा थोडाबहुत उपयोग आपण नकळत करत असण्याची शक्यता आहे. पॅरासिटामॉलचा एक भाग मेंदूत जाऊन एएम४०४ या द्रव्यात बदलतो, आणि हा बदल घडवते ते एन्झाइम म्हणजे तेच एफएएएच, असे २००५ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. हे द्रव्य टीआरपीव्ही१ वर आणि आनंदामाइडच्या वहनावर परिणाम करते. आनंदामाइड वाढवण्यासाठी जे एन्झाइम रोखायचे, तेच पॅरासिटामॉलला कामाला लावते. ही गुंतागुंत पाहिली की एकच कळ दाबून वेदना बंद होईल ही अपेक्षा किती भाबडी होती ते कळते. दुसरी वाट व्यायामाची आहे. नॉटिंगहॅममध्ये संधिवाताच्या ७८ लोकांपैकी ३८ जणांनी सहा आठवडे रोज पंधरा मिनिटे स्नायूंचे व्यायाम केले, बाकीच्यांनी काही वेगळे केले नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्यांची वेदना कमी झाली, शरीरातली कॅनाबिनॉइड द्रव्ये वाढली आणि दाह वाढवणारी द्रव्ये घटली. अभ्यास लहान आहे आणि वेदना कमी झाली ती याच द्रव्यांमुळे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी व्यायामाची बाजू त्यावर अवलंबून नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे बळ वाढवणे आणि वजन कमी करणे यांचा गुण शेकडो रुग्णांच्या चाचण्यांत आधीच दिसलेला आहे.

पुढचे संशोधन कुठे व्हावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मेंदूत न शिरणारी, सांध्यातच टोचता येणारी आणि गरज संपली की ओसरणारी औषधे तपासायला हवीत, आणि ज्यांच्या दुखण्याचे मूळ अजून सांध्यात आहे असे रुग्ण निवडून तपासायला हवीत. वेदना पूर्ण बंद करणे हे ध्येय असू नये. मज्जातंतूंच्या वाढीला लागणारे एनजीएफ हे प्रथिन रोखणाऱ्या टॅनेझुमॅबने गुडघेदुखी खरोखर उतरली होती, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले, आणि २०२१ साली अमेरिकेच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी ते नाकारले. भारताची परिस्थिती यात वेगळी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे पानांपासून बनवलेली विजयाची तेले आणि कॅप्सूल आयुषच्या परवान्याखाली उघड विकली जातात. म्हणजे औषध आहे, रुग्ण आहेत, आणि २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीही आहे. विकणाऱ्यांनी याच गुडघ्यांवर, प्लासीबोच्या तुलनेत, पुरेशा रुग्णांची चाचणी करावी आणि निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करावा, ही मागणी डॉक्टरांनी, वैद्यांनी आणि ग्राहकांनी मिळून केली पाहिजे. तोवर जे असे तेल घेत आहेत त्यांनी निदान ते आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. सीबीडीमुळे यकृताची एन्झाइम वाढू शकतात आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा जोर धोकादायक होऊ शकतो. टीएचसी असलेल्या तेलाने वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि त्या वयात पडून मोडलेले खुब्याचे हाड गुडघेदुखीपेक्षा फार मोठे संकट असते.